शिवणींतली माया

आमच्या घराजवळच्या शिंप्याकडे मीं माझी एकच विजार दोन वर्षांत तीन वेळां नेली. पहिल्या खेपेस ती कमरेंत आंत घेण्यासाठीं नेली, दुसऱ्या खेपेस आणखी आंत घेण्यासाठीं नेली, आणि तिसऱ्या खेपेस, सांगतांना अजूनही थोडें अवघडल्यासारखें होतें, ती पुन्हां सैल करण्यासाठीं नेली. शिंपी हंसला नाहीं. हंसला असता तर बरें झालें असतें. त्यानें विजार उलटी केली, शिवण बोटांनीं चांचपून पाहिली आणि माझें सांत्वन करण्याच्या सुरांत तो म्हणाला, “काळजी नको, सर. माया कापली नव्हती मीं. असूं दे म्हटलं आंत.”

शिवणीच्या आंत राखून ठेवलेल्या जादा कापडाला शिंपी माया म्हणतात, हें मला लहानपणापासून ठाऊक होतें. पण त्या दिवशीं तो शब्द मला चांगलाच झोंबला. ज्या काळांत माझे सहकारी, माझे विद्यार्थी आणि लग्नमुंजींत भेटणारे दूरदूरचे आप्त माझ्या निग्रहाची तोंडभर स्तुति करीत होते, त्या काळांत या एका माणसानें माझ्यावर मुकाट्यानें अविश्वास दाखविला होता. आणि शेवटीं खरा ठरला होता तोच!

त्या निग्रहाची हकीकत थोडक्यांत सांगतों. वयाच्या चोपन्नाव्या वर्षीं माझें वजन ८६ किलो होतें. उंची पांच फूट सहा इंच. खुर्चींत बसून अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला एवढा भारदस्तपणा शोभून दिसतो, अशी माझी समजूत होती. त्या वर्षीं रक्त तपासलें तेव्हां मागील तीन महिन्यांतील साखरेचा अंदाज देणारा जो आंकडा असतो तो ६.२ निघाला. ६.५ झाला कीं त्याला मधुमेह म्हणतात. म्हणजे मी उंबरठ्यावर उभा होतों. उंबरठ्याच्या आंत काय असतें हें मला निराळें सांगावयास नको होतें. माझे थोरले बंधु, ज्यांना आम्ही सारीं भावंडें दादा म्हणतों, ते त्या घरांत बारा वर्षांपूर्वींच शिरले होते, आणि नेमकी त्याच सुमारास त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला झालेली एक क्षुल्लक जखम कांहीं केल्या भरत नव्हती. पुढें तो अंगठा काढावा लागला. ज्या दादाच्या खांद्यावर बसून मीं गांवची जत्रा पाहिली होती, तो दादा काठी टेकीत अंगणांतून ओटीवर येतांना मीं पाहिला, आणि त्या रात्रीं माझें जेवण अर्ध्यावर राहिलें.

तें पुढचे आठ महिने अर्ध्यावरच राहिलें. भात एका वाटीवर आला, चहांतली साखर गेली, फरसाणाचे डबे शेजाऱ्यांकडे गेले. वजन १३ किलोंनीं उतरून ७३ वर आलें. प्राध्यापकांच्या खोलींत माझ्याभोंवतीं लोक जमूं लागले, आणि मीही कोणीं विचारल्यावांचून आहारशास्त्रावर प्रवचनें झोडूं लागलों. विजारीच्या पहिल्या दोन फेऱ्या या वैभवाच्या काळांतल्या.

नंतर काय झालें? कांहींच झालें नाहीं, आणि तेंच वाईट झालें. एखाद्या जबरदस्त मोहाला मी बळी पडलों असतों, तर निदान सांगण्यासारखी गोष्ट तरी झाली असती. वाटीची दीड वाटी झाली, पाहुण्यांबरोबर घेतलेला एक लाडू पाहुणे गेल्यावरही चालू राहिला, एवढेंच. नऊ महिन्यांनीं कांटा ७९ वर आला. मीं तो कांटा पायानें पलंगाखालीं सरकविला. ज्याला कर्ज फेडतां येत नाहीं तो सावकाराची गल्ली टाळतो, तसें माझें झालें.

अर्थशास्त्राचा प्राध्यापक असल्यामुळें मी शरीराकडे खतावणीच्या दृष्टीनें पाहात होतों. जमा कमी केली आणि खर्च तोच ठेवला कीं शिल्लक घटते, आणि एकदां घटली म्हणजे घटली, असा माझा सरळ हिशेब होता. शरीर हें असें आज्ञाधारक खातें नव्हे, हें मला मागाहून वाचनानें कळलें. पगार कमी झाल्यावर शहाणी गृहिणी जशी गुपचूप खर्चाला कात्री लावते, तसेंच तेंही करतें. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ सालीं, अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत अँसेल कीज या शास्त्रज्ञानें स्वखुशीनें पुढें आलेल्या ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटीं ठेवून पाहिलें. त्यांचीं शरीरें थंड, मंद व काटकसरी झालीं, आणि अन्नावांचून दुसरा विषय त्यांच्या मनांत राहीना. पुढें २०१६ सालीं केव्हिन हॉल व त्यांचे सहकारी यांनीं, दूरचित्रवाणीवरील वजन उतरविण्याच्या एका स्पर्धेंत झपाट्यानें हलक्या झालेल्या १४ जणांची सहा वर्षांनंतर केलेली तपासणी प्रसिद्ध केली. बहुतेकांचें बरेंचसें वजन परत आलें होतें. पण त्यांचें शरीर स्वस्थ पडलें असतांना, त्यांच्या आकारमानाला जेवढे उष्मांक खर्ची पडावयास हवे होते त्यांहून, रोज सुमारें ५०० उष्मांक कमीच खर्चीत होतें. सहा वर्षें झालीं तरी गृहिणीला पगार पूर्ववत् झाल्याचा विश्वास वाटत नव्हता! हें वाचून मला दुःखांतही थोडें समाधान झालें. दोष केवळ माझ्या जिभेचा नव्हता.

त्याच वाचनांत आणखी एक गोष्ट लक्षांत आली. वजन उतरविण्याच्या कामीं व्यायामाचा वांटा आपण समजतों त्यापेक्षां लहान असतो. ७० किलोचा मनुष्य साध्या चालीनें तासभर चालला तर सुमारें २५० उष्मांक खर्चीतो. तेवढे भरून काढण्यास वर तूप घातलेल्या एका पुरणपोळीला पांच मिनिटें पुरतात. परंतु उतरलेलें वजन टिकविण्याच्या कामीं मात्र तोच व्यायाम मुख्य आधार होतो. अमेरिकेंत १९९४ पासून रेना विंग व जेम्स हिल या दोघां संशोधकांनीं अशा लोकांची एक नोंदवही ठेविली, कीं ज्यांनीं निदान ३० पौंड, म्हणजे साडेतेरा किलोंच्या आसपास, वजन उतरवून तें वर्षभर तरी टिकविलें आहे. त्यांत नोंदलेल्या हजारों लोकांचे मार्ग नाना तऱ्हेचे आहेत. पण त्यांतील बहुसंख्य लोक रोज सरासरी तासभर कांहींना कांहीं शरीरश्रम करतात, आणि तो श्रम बहुधा चालण्याचा असतो.

इमारत बांधणें आणि ती राखणें हीं दोन निराळीं कामें आहेत, हें मला पन्नाशी उलटल्यावर कळावें याचें नवल वाटतें. उद्घाटनाला पाहुणे येतात, फीत कापली जाते, कोनशिलेवर नांव कोरलें जातें. पण दर वर्षीं मृगापूर्वीं कौलें चाळण्यासाठीं घरमालकालाच शिडी लावावी लागते, आणि त्या वेळीं टाळ्या वाजविण्यास अंगणांत कोणी उभें नसतें. माझें उद्घाटन झालें होतें. शिडी मात्र मीं घेतलीच नव्हती.

शिडी घ्यावयाची ठरल्यावर मीं ती सर्वांत उंच निवडली. प्रथम कांचेच्या भिंतींच्या एका आधुनिक व्यायामशाळेंत वर्षाची फी आगाऊ भरली. तेथील तरुण शिक्षक मला ‘अंकल’ म्हणे आणि माझ्यापुढें वजनें ठेवतांना डोळ्यांत अशी करुणा आणी, कीं तिसऱ्या आठवड्यांत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घरीं येतांच मला सुटल्यासारखें झालें. मग पहांटे पांचला उठून वेताळ टेकडीवर धांवण्याचा बेत केला. टेकडी जागच्या जागीं राहिली. माझा डावा गुडघा मात्र जागेवर राहिला नाहीं. त्यानंतर मुलानें मनगटावर बांधावयाचें एक घड्याळ आणून दिलें. तें पावलें मोजी, आणि रोज दहा हजार भरलीं नाहींत तर तोंड वाईट करी. रात्रीं अकराला सहाशें पावलें कमी पडलीं म्हणून मी दिवाणखान्यांत येरझारा घालूं लागलों तेव्हां पत्नी आंतून म्हणाली, “अहो, हा व्यायाम आहे कीं पोलिसांची गस्त?” खालच्या मजल्यावरील गृहस्थांनींही दुसऱ्या दिवशीं जिन्यांत याच अर्थाची चौकशी केली.

पुढें मला समजलें कीं हा दहा हजारांचा आंकडा कोणा वैद्यानें ठरविलेला नव्हे. जपानांत १९६५ सालीं विक्रीस आलेल्या एका पाऊलमापकाचें नांवच ‘मान्पो-केइ’, म्हणजे दहा हजार पावलांचें माप, असें होतें. तेथून तो जगभर पसरला. २०१९ सालीं अमेरिकेंतील वृद्ध स्त्रियांच्या एका मोठ्या पाहणींत असें दिसलें कीं, पावलें वाढत जातात तसा मृत्यूचा धोका घटत जातो खरा, पण साडेसात हजारांच्या सुमारास तो लाभ स्थिरावतो. एका दुकानी नांवापायीं मी शेजाऱ्याची झोंप मोडीत होतों!

हे तीन प्रयोग फसले ते तिन्ही एकाच रीतीनें फसले. कष्ट सोसवले नाहींत म्हणून नव्हे, तर एक दिवस चुकला म्हणून. उत्तरपत्रिका आल्या, गुडघा दुखला, घरीं कार्य निघालें. एक दिवस गेला आणि त्याच्यामागून सगळेच गेले. आम्हां मध्यमवर्गीय लोकांच्या मनांत नियमाची जी कल्पना असते ती व्रताची असते. सोळा सोमवारांतला एक चुकला तर पहिल्यापासून मोजावयाचें. व्रत मोडलें कीं मोडलें. अर्धें मोडलेलें व्रत म्हणून कांहीं नसतें. आणि खरें सांगावयाचें तर, मोडल्यावर मनाच्या तळाशीं जी सुटकेची एक झुळूक येते, तिच्यासाठींच आपण नियम इतका कडक बांधतों कीं काय, अशीही मला शंका येते.

अशा मनःस्थितींत असतां मला माझ्या वडिलांची आठवण झाली. ते शाळामास्तर होते, आणि त्यांचें शिक्षण औंध संस्थानांत झालें होतें. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांना सूर्यनमस्कारांचा केवढा ध्यास होता हें जुन्या पिढीला सांगावयास नको. स्वतः ते नित्य नमस्कार घालीत, त्यांवर पुस्तकें लिहीत आणि आपल्या संस्थानांतील शाळांतूनही ते घालवून घेत. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें. पण वडिलांच्या अंगांतलें औंध विलीन झालें नाहीं. मागील दारीं तुळशीवृंदावनाजवळ ते रोज बारा नमस्कार घालीत. २०१३ सालीं, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षीं, ते गेले, तोंपर्यंत त्यांचा हा नेम चालू होता. आम्हां भावंडांना तो त्यांचा लोखंडी निग्रह वाटे आणि त्यामुळेंच आपल्या आवांक्याबाहेरचाही वाटे.

परंतु आठवूं लागलों तसें मला निराळेंच चित्र दिसूं लागलें. मी आठ-नऊ वर्षांचा असतांना वडील हिंवतापानें आठवडाभर अंथरुणावर होते. एके सकाळीं ते भिंतीला धरून उठले, मागील दारापर्यंत गेले, सूर्याकडे तोंड करून त्यांनीं नुसते हात जोडले आणि परत येऊन पडले. आई रागावली तेव्हां म्हणाले, “अगं, आज एवढाच.” प्रवासांत ते तीन घालीत. दिवाळीच्या पहांटे पाच घालीत. आजीच्या सुतकांत किती दिवस घातले नाहींत आणि चौदाव्या दिवशीं कांहींच न घडल्याप्रमाणें पुन्हां बारांवर आले. त्यांचा नेम लोखंडी नव्हताच. तो कापडाचा होता, आणि त्याच्या शिवणींत त्यांनीं भरपूर माया सोडली होती. म्हणून तो साठ वर्षें उसवला नाहीं.

मीं मग माझा नेम नव्यानें बेतला. कॉलेज माझ्या घरापासून अडीच किलोमीटरांवर आहे. इतकीं वर्षें तें अंतर मी दुचाकीवरून आठ मिनिटांत कापीत होतों आणि मग व्यायामाला वेळ नाहीं म्हणून हळहळत होतों. आतां मी चालत जातों आणि चालत येतों. जातांना अर्धा तास, येतांना अर्धा तास. आठवड्याचे पांच दिवस धरले तर ३०० मिनिटें होतात. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांसाठीं आठवड्यास १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम श्रम सांगितला आहे. त्याची वरची मर्यादा मला केवळ दुचाकीची किल्ली खुंटीवर ठेवल्यानें गांठतां आली. आठवड्यांतून निदान दोनदां स्नायूंनाही काम द्यावें असें तीच संघटना सांगते, म्हणून सकाळीं बारा नमस्कार, आणि मंगळवारीं व शनिवारीं हातांचा आधार न घेतां खुर्चींतून उठण्याबसण्याचा पाठ. रविवारीं पत्नीबरोबर पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढतों. वर गेल्यावर ती देवळांत जाते आणि मी कठड्यावर बसून धापा टाकतों, तरी दोघांनाही पुण्य लाभतें असें आम्ही मानतों.

पण या सगळ्यापेक्षां महत्त्वाची आहे ती नेमांतली माया. अगदीं वाईटांत वाईट दिवशीं एक नमस्कार आणि दहा मिनिटें चालणें, एवढें केलें कीं तो दिवस पदरांत पडला. एक दिवस पूर्ण चुकला तर त्याबद्दल खेद करावयाचा नाहीं. मात्र लागोपाठ दोन चुकवावयाचे नाहींत. चुकलेला दिवस भरून काढण्यासाठीं दुप्पट करावयाचें नाहीं, कारण दंडाच्या भीतीनेंच मनुष्य फरारी होतो. पलंगाखालचा कांटा पुन्हां बाहेर काढला आहे; दर सोमवारीं त्यावर उभें राहावयाचें आणि ७७ च्या वर गेलों तर दीड वाटीची पुन्हां एक वाटी करावयाची. लंडनमध्यें फिलिपा लॅली व त्यांचे सहकारी यांनीं ९६ जणांवर केलेला एक अभ्यास २०१० सालीं प्रसिद्ध झाला. नवी संवय अंगवळणी पडण्यास कोणाला १८ दिवस लागले, तर कोणाच्या बाबतींत हिशेब २५४ दिवसांवर गेला. मधला आंकडा ६६ चा निघाला. आणि मधूनच एखादा दिवस चुकल्यानें संवय जडण्यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. वडिलांनीं हें वाचलें नव्हतें. त्यांना तें ठाऊक होतें.

या नेमाची खरी परीक्षा गेल्या आषाढांत झाली. दादाच्या पायाची जखम पुन्हां चिघळली आणि त्याला पुण्यास आणून रुग्णालयांत ठेवावें लागलें. अकरा रात्री मी त्याच्याजवळ होतों. कॉलेजला रजा, बाहेर धो धो पाऊस, जेवणाचा पत्ता नाहीं. पूर्वीचा मी असतों तर नेम पहिल्याच रात्रीं मोडून मोकळा झालों असतों, आणि त्यासाठीं याहून सबळ कारण जगांत कोणालाही मिळालें नसतें. पण रात्रीं दादाला झोंप लागली कीं मी व्हरांड्याच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत दहा मिनिटें चालत असें, आणि पहांटे जिन्याच्या वळणावर, कोणी पाहात नाहीं अशी खात्री करून घेऊन, एक नमस्कार घालीत असें. एका रात्रीं परत येऊन पाहतों तों दादा जागा. मला अपराध्यासारखें झालें. ज्याला पाय टेकवत नाहीं त्याच्या दाराशीं येरझारा घालणें हा एक प्रकारचा निर्दयपणाच नव्हे का? दादा थोडा वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, “चालतोस तें ऐकूं येतं मला. बरं वाटतं. अण्णा उठल्यासारखं वाटतं.” अण्णा म्हणजे आमचे वडील.

दादाचा पाय वांचला. दोन बोटें गेलीं, पण पाय वांचला.

चौदा महिने झाले, माझा नेम चालू आहे. माझें वजन ७३ नाहीं. तें ७५ च्या आसपास असतें आणि तेथें राहण्याचें त्यानें मान्य केलेलें दिसतें. रक्तांतला तो आंकडा ५.८ वर आला आहे. म्हणजे उंबरठ्यापासून मी दूर गेलेलों नाहीं; फक्त अंगणाच्या दिशेनें थोडा सरकलों आहें. प्राध्यापकांच्या खोलींत आतां माझ्याभोंवतीं कोणी जमत नाहीं. छत्री घेऊन चालत येणारा मनुष्य हा कांहीं कुतूहलाचा विषय होऊं शकत नाहीं.

गेल्या महिन्यांत मीं नव्या विजारीचें कापड घेऊन त्याच शिंप्याकडे गेलों. त्यानें माप घेतलें, वहींत लिहिलें, आणि मग पेन्सिल कानावर ठेवीत, मला वाईट वाटूं नये अशा बेतानें, विचारलें, “आंत माया ठेवूं ना, सर?”

“ठेवा,” मीं म्हटलें. “चांगली बोटभर ठेवा.”